बंद रेल्वे शेडचं गेट आधी लोकांसाठी उघडा, लिलावाचं नंतर बोला

नागपुरात रेल्वेच्या बंद पडलेल्या जागा पाहायला फार लांब जावं लागत नाही. वाफेची इंजिनं गेली, मग नॅरोगेज म्हणजे अरुंद रुळांची गाडी गेली, आणि त्यांच्यामागे दुरुस्तीच्या शेड, पिट, पाण्याच्या टाक्या, टाईम ऑफिसच्या खोल्या, क्वार्टर असं बरंच काही झुडपात उभं राहिलं. मागच्या काही वर्षांपासून कॉलेजचे पोट्टे मोबाईल आणि छोटे कॅमेरे घेऊन अशा ठिकाणी घुसून राहिले, भिंत चढायची, वाकलेल्या पत्र्याखालून आत शिरायचं, फोटो काढायचे, व्हिडिओ टाकायचा. यावर बोलणारे लोक लगेच दोन बाजू घेतात. एक म्हणतात आरपीएफनं म्हणजे रेल्वेच्या सुरक्षा दलानं दोन-चार जणांना धरून केस लावावी म्हणजे बाकीचे सुधारतील, दुसरे म्हणतात जागा बेवारस पडली आहे तर कोणी आत जाऊन पाहिली तर कोणाचं काय गेलं. मला दोन्ही पटत नाही. बंद शेडचं गेट रेल्वेनं स्वतः उघडावं, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वाटेनं, तिथं काम केलेल्या माणसासोबत, आणि हे सगळं त्या जागेचा लिलाव किंवा पाडापाडी व्हायच्या आधी व्हावं. आत काय आहे त्याची नीट नोंद झाली, गावातल्या लोकांनी ते डोळ्यानं पाहिलं, की मग ठरवा काय ठेवायचं, काय विकायचं आणि काय पाडायचं. आज उलटं चालतं, आधी कुलूप, मग वर्षानुवर्षं काहीच नाही, मग एक दिवस जेसीबी, आणि लोकांना कळतं तेव्हा जमीन सपाट झालेली असते.

नागपूरसाठी ही गोष्ट किरकोळ का नाही ते सांगतो. मुंबईहून जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाईन इथं १८६७ साली आली. पुढं १८८० च्या आसपास नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज राजनांदगावकडं निघाली, आणि १८८७ मध्ये जी कंपनी उभी राहिली तिच्या नावातच नागपूर होतं, बंगाल नागपूर रेल्वे, जुने लोक अजून नुसतं बीएनआर म्हणतात. या कंपनीनं मीटरगेजचं ब्रॉडगेज केलं, हावड्यापर्यंत सलग लाईन नेली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यात नॅरोगेजचं जाळं टाकलं. गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा, इकडं नागपूर-नागभीड. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट म्हणजे ७६२ मिलीमीटर, ब्रॉडगेजच्या निम्म्याहून कमी. इतका छोटा गेज असला की वळण तंग घेता येतं, पूल छोटे चालतात, डोंगर कमी फोडावा लागतो, म्हणून सातपुड्याच्या घाटात तो परवडला. जंगलातलं लाकूड, कोळसा, मँगनीज, धान आणि माणसं, सगळं याच गाडीनं यायचं जायचं. आणि या सगळ्या इंजिन-डब्यांना दुरुस्त करणारे हात नागपुरात होते, मोतीबागच्या वर्कशॉपमध्ये आणि लाईनीला लागून असलेल्या शेडमध्ये.

मग गेज कन्व्हर्जन आलं, म्हणजे अरुंद रूळ काढून ब्रॉडगेजचे टाकणं. जबलपूर-नैनपूर आणि नागपूर-छिंदवाडा २०१५ मध्ये बंद झाल्या, नागपूर-नागभीड नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. ब्रॉडगेज व्हायलाच पाहिजे होतं याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. छिंदवाड्याच्या माणसाला तासन् तास नॅरोगेजच्या लाकडी बाकावर बसवून ठेवायचा आपल्याला काय अधिकार, आपल्याला फोटो छान मिळतात म्हणून? गाडी बदलली हे चांगलंच झालं. प्रश्न आहे गाडीमागं जे उभं होतं त्याचं काय करायचं.

मी अशी एक शेड आतून पाहिली आहे. रीतसर अर्ज देऊन, एका रिटायर्ड फिटरसोबत, आमच्या ओळखीतले आहेत, मी त्यांना काकाजी म्हणतो. जागेचं नाव इथं देत नाही कारण नाव दिलं की पुढच्या रविवारी तिथं गर्दी होईल आणि गर्दीतले दोन जण पितळी पाट्या उचलून नेतील हे मला माहीत आहे. शेड म्हणजे उंच लोखंडी खांब, वर त्रिकोणी कैच्या, त्यावर पत्रा आणि मधेमधे उजेडासाठी काचेच्या पट्ट्या, त्यातल्या अर्ध्या फुटलेल्या. खाली रूळ, आणि रुळांच्या मधे पिट, म्हणजे माणूस खांद्यापर्यंत बुडेल एवढा खोल चर. इंजिन वर उभं करायचं आणि फिटरनं खाली उतरून ब्रेकचं काम, स्प्रिंग, ॲक्सल बॉक्स पाहायचं. आता त्यात काळं पाणी साचलेलं होतं आणि पाण्यावर तेलाचा थर होता. भिंतीतून पिंपळ निघाला आहे. खांबांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेले अजून वाचता येतात. एका बाजूला लेथ मशीन बसवलेल्या जागी नुसते बोल्ट उरले, तेही गॅस कटरनं कापलेले. तीन भाषांमधली धूम्रपान करू नये अशी पाटी होती, आणि टूल रूमच्या खिडकीपाशी लाकूड इतकं गुळगुळीत झालेलं होतं की कित्येक वर्षं तिथं कोपरं टेकवून लोक उभे राहिले असतील हे सांगावं लागत नव्हतं.

मी एकटा गेलो असतो तर मला एवढंच दिसलं असतं, गंज, पिंपळ आणि उजेडाचे पट्टे, आणि मी पण तसेच फोटो काढून आलो असतो जसे सगळे काढतात. काकाजींमुळे ती जागा चालू झाली. ते एका रिकाम्या कोपऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "इथं व्हाईट मेटलचं काम चालाचं." मग त्यांनी सांगितलं की ॲक्सलच्या बेअरिंगमध्ये मऊ धातूचा थर ओतायचे, तो थंड झाला की ॲक्सलला निळा रंग लावून बेअरिंग त्यावर फिरवायचं, जिथं निळा डाग पडला तिथं धातू उंच आहे, तेवढाच भाग स्क्रेपरनं हातानं खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं, असं करत करत डाग सगळीकडं सारखा पडेपर्यंत. घाई केली तर बेअरिंग लाईनवर गरम होणार, धूर निघणार, गाडी जंगलात उभी. चाकाचं पण तसंच. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. "चांगलं चाक टन्न करते बाबू, चीर पडली असन तं भद्द वाजते, आन् ते भद्द कानाले कळाले दोन-तीन वर्षं लागते." जुन्या चाकांवर बाहेरून लोखंडी कडं असायचं, ते कडं आगीत तापवून फुगवायचे आणि चाकावर बसवायचे, थंड झालं की आवळून घट्ट. किती तापलं हे कड्याच्या रंगावरून ओळखणारा एक मिस्त्री होता म्हणे, त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा. वाफेच्या इंजिनचा बॉयलर ठराविक दिवसांनी थंड करून धुवावा लागायचा, नाहीतर पाण्यातला क्षार आत नळ्यांवर बसतो आणि पत्रा जास्त तापून कमजोर होतो. नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५-४६ डिग्री असताना, नुकत्याच थंड झालेल्या फायरबॉक्समध्ये, म्हणजे कोळसा जळायच्या पेटीत, माणूस आत शिरून काम करायचा. हे ऐकताना मी त्या भिंतीकडं पुन्हा पाहिलं तर तिथं धुराचा काळा पट्टा वरपर्यंत गेलेला होता, तो मला आधी नुसता मळ वाटला होता.

ही सगळी माहिती पुस्तकात मिळत असेल, तत्त्व म्हणून तर नक्कीच मिळते. पण कोणत्या कोपऱ्यात काय होतं, कोणती खिडकी कोणाची, कोणता पिट वाईट म्हणून नवीन पोराला आधी तिथंच उतरवायचे, हे फक्त त्या माणसाला त्या जागेत उभं केल्यावरच बाहेर येतं. काकाजींना मी घरी बसून हेच विचारलं होतं तेव्हा ते दोन वाक्यांत संपवून चहा प्यायला लागले होते. शेडमध्ये पाय ठेवला आणि त्यांना थांबवणं कठीण झालं. जागा आणि माणूस दोन्ही एकत्र असले तरच ही आठवण जागी होते, आणि आपण आज दोन्ही गमावून राहिलो, जागा पाडून आणि माणसं वयानं.

आता त्या व्हिडिओंबद्दल. मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो भुताच्या व्हिडिओंचा. रात्री टॉर्च घेऊन जायचं, मागं घाबरवणारं म्युझिक टाकायचं, इथं म्हणे बायकांच्या रडण्याचे आवाज येतात, इथं इंजिन आपोआप चालतं. ज्या जागेत पिढ्यान् पिढ्या माणसांनी आठ-आठ तासाच्या पाळ्या केल्या, हात भाजले, बोटं गेली, पगारावर पोरं शिकवली, त्या जागेची ओळख तुम्ही भूतबंगला म्हणून करून देता. त्या माणसांची पोरं-नातवंडं याच गावात राहतात, तेही हे पाहतात. उत्तर नागपुरात अशी कित्येक घरं आहेत जिथं पहिली महिन्याच्या पगाराची नोकरी रेल्वेतल्या खलाशाची, म्हणजे शेडमधल्या मदतनीसाची होती. ज्यांना गावात जातीमुळं कोणी उंबऱ्यावर येऊ देत नव्हतं त्यांच्या घरात रेल्वेचा पास आला, क्वार्टर आलं, पोरगं शाळेत गेलं. त्या शेडला वारसा म्हणायचं तर पहिलं कारण हे आहे, बीएनआरचे इंग्रज इंजिनिअर आणि मँचेस्टर-ग्लासगोची इंजिनं हे दुसरं. १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला, तेव्हा शेडमधली माणसं घरी चूल कशी पेटली ते अजून सांगतात. हा इतिहास भुताच्या व्हिडिओत कुठं बसवणार?

पण मी पोरांना नुसता दोष देणार नाही. हे पोट्टे आत जातात कारण त्यांना ती जागा ओढते, आणि ती ओढ चांगली आहे, गावाची एक जुनी बाजू पाहायची त्यांना हौस आहे, कोणी शाळेत दाखवली नाही, कोणी सांगितली नाही. भुताची गोष्ट ते टाकतात कारण दुसरी गोष्ट त्यांच्याजवळ नाहीच. खरी गोष्ट द्यायला तिथं कोणी उभं नाही. त्यांच्यासोबत एकदा एक रिटायर्ड फिटर पाठवून पाहा, व्हिडिओ आपोआप बदलेल.

कायदा काय म्हणतो ते पण स्पष्ट लिहितो, कारण बेवारस बेवारस म्हणून जे बोलतात त्यांना माहीत नसतं. रेल्वेची जागा बंद पडली म्हणून ती बेवारस होत नाही. रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ म्हणतं की परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि आठवण म्हणून एखादी पाटी, एखादा नट-बोल्ट, एखादा जुना कंदील उचलला तर रेल्वे मालमत्तेचा १९६६ चा वेगळा कायदा आहे, त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. नोकरीच्या वयातल्या पोरावर अशी केस म्हणजे पुढं पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये आयुष्यभराची कटकट.

धोका तर खराच आहे, तो कमी करून सांगायचा माझा हेतू नाही. पिट पावसात भरतात आणि गवतानं झाकले जातात, दिसतच नाही खाली खड्डा आहे. छतावरचा पत्रा गंजलेला, वर चढलं की पाय आरपार. जुन्या शेडमध्ये बऱ्याच ठिकाणी छताला ॲस्बेस्टॉसचे शीट असतात आणि वाफेच्या काळात बॉयलरला बाहेरून ॲस्बेस्टॉसच गुंडाळायचे, ते तुटलं की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात, डोळ्याला दिसत नाहीत, फुप्फुसात जाऊन बसतात आणि त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी निघतो. साप आहेत, विंचू आहेत. मोबाईलचा टॉर्च घेऊन रात्री स्लीपर चप्पल घालून जाणाऱ्या पोराला यातलं काही माहीत नसतं.

पण याच कारणासाठी तर गेट उघडून द्या म्हणतो ना मी. कुलपामुळं कोणी आत जायचं थांबलं नाही, फक्त जाणारा माणूस अंधारात, एकटा, चुकीच्या बाजूनं जातो. रेल्वेनं एक वाट आखून दिली, पिटवर जाळी टाकली, छत धोक्याचं आहे तो भाग दोरी बांधून बंद केला, डोक्यावर हेल्मेट दिलं, एकावेळी वीस जण सोडले, तर धोका आजच्यापेक्षा कमी होईल. रेल्वेला सेफ्टी शिकवायची गरज नाही, त्यांच्या चालू वर्कशॉपमध्ये रोज याहून मोठा धोका सांभाळला जातो.

सगळ्यात वजनदार आक्षेप जमिनीचा आणि पैशाचा आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. लोक विचारतात रेल्वेचं काम गाड्या चालवायचं आहे की म्युझियम चालवायचं, आणि गावाच्या मधोमध एवढी जागा गंजत ठेवण्यापेक्षा तिथं घरं, हॉस्पिटल, पार्किंग काही का नाही. रिकाम्या जमिनीतून पैसा उभा करायलाच तर २००५ मध्ये रेल्वे कायद्यात दुरुस्ती करून रेल लँड डेव्हलपमेंट ऑथॉरिटी आणली. आणि नागपुरात काम होऊन राहिलं हे आपल्याला दिसतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर स्टेशन आणि अजनी स्टेशनच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, एकाला साधारण ५९० कोटी, दुसऱ्याला ३६० कोटी. त्याच दिवशी अजनीला १२ हजार हॉर्सपॉवरच्या मालगाडी इंजिनांचा देखभाल डेपो देशाला अर्पण झाला, साधारण ११० कोटींचा. म्हणजे नागपूर आजही इंजिनं दुरुस्त करणारं गाव आहे, मोतीबागलाही काम चालतं. त्या कोटींच्या हिशेबात एका बंद शेडची मोजमापं घ्यायला, फोटो काढायला, दहा-बारा रविवार गेट उघडायला किती लागणार? मी सगळ्या शेड जशाच्या तशा ठेवा म्हणत नाही. काही पाडाव्याच लागतील. क्रम बदला एवढंच म्हणतो.

क्रम चुकला की काय होतं ते नागपूरकरांनी एकदा पाहिलं आहे. एम्प्रेस मिल, जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली, सव्वाशे वर्षं चालली, १९८६ नंतर सरकारी महामंडळाकडं गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. आज तिथं मॉल आहे आणि मॉलला नाव एम्प्रेसचंच आहे. मॉलमध्ये जाणाऱ्या पोराला विचारा हे नाव कुठून आलं, बहुतेकांना सांगता येत नाही. मॉल झाला याचं दुःख मला नाही, पण मिलचा भोंगा, खाती, पाळ्या, कामगारांच्या चाळी, संप, हे सगळं नोंदवून ठेवायला आपल्याकडं वेळ होता, मिल एका रात्रीत गेली नाही, ती कित्येक वर्षं आजारी होती, तेवढ्या वर्षांत गावानं एकदा पण तिला आतून नीट पाहून घेतलं नाही. अजनीचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. २०२१ च्या आसपास इंटरमोडल स्टेशनसाठी रेल्वे कॉलनीतली हजारो झाडं जाणार म्हटल्यावर लोक उभे राहिले, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. लोक का उभे राहिले? कारण ती झाडं त्यांनी पाहिलेली होती, सकाळी फिरायला त्याच रस्त्यानं जायचे. कुलपाआड असलेल्या शेडसाठी कोण उभं राहणार, आत काय आहे हेच कोणाला माहीत नाही तर? म्हणूनच आधी दाखवा म्हणतो. दाखवल्यावर लोक म्हणाले यात काही ठेवण्यासारखं नाही, तर ते पण मला मान्य आहे.

आणि हे जगावेगळं काही मागून नाही राहिलो मी. हरियाणात रेवाडीची वाफेच्या इंजिनांची शेड १८९३ सालची, बंद पडली होती, रेल्वेनंच २००२ मध्ये ती पुन्हा उभी केली आणि आज तिथं जुनी इंजिनं खरंच पेटवून चालवतात, शेडमध्येच, त्याच पिटवर. जपानमध्ये क्योटोची उमेकोजी शेड १९१४ ची आहे, पंख्यासारखी अर्धगोल, मधे इंजिन फिरवायचं टर्नटेबल, ती १९७२ पासून लोकांना खुली आहे. इंग्लंडमध्ये स्विंडनचं ग्रेट वेस्टर्नचं प्रचंड वर्कशॉप १९८६ मध्ये बंद झालं, त्यातल्या काही इमारतींत २००० साली म्युझियम झालं आणि उरलेल्या जागेत दुकानं पण आली, म्हणजे धंदा आणि वारसा एकाच आवारात राहू शकतात. कोणी म्हणेल नागपूरला आहे ना मोतीबागचं नॅरोगेज म्युझियम. आहे, १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं, चांगलं आहे, पोरांना घेऊन जा, नॅरोगेजचे इंजिन-डबे तिथं जपले आहेत आणि छोटी गाडी पण फिरते. पण म्युझियममध्ये इंजिन रंग देऊन, धुवून-पुसून उभं असतं. ते बिघडतं कसं, उघडतात कसं, कोणत्या माणसानं कोणत्या हत्यारानं पुन्हा चालतं केलं, हे तिथं दिसत नाही, ते दुरुस्तीच्या शेडमध्येच दिसतं, पिटमध्ये, छताखालच्या क्रेनच्या रुळात, भट्टीच्या काळ्या भिंतीत. नागपूरला इंजिन बनवायचा मान मिळाला नाही, नागपूरनं दुरुस्ती केली, रोज, दीडशे वर्षं होत आली. आपल्या गावाचं खरं कसब हेच आहे आणि त्याचीच जागा आपण दाखवत नाही.

काम कसं करायचं हे पण फार अवघड नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अजिबात नाही. आधी सेफ्टीवाल्यांनी पाहून वाट ठरवायची, ॲस्बेस्टॉस असेल तो भाग पूर्ण बंद. नाव नोंदवून, ओळखपत्र दाखवून, छोट्या छोट्या गटानं. व्हीएनआयटीत आर्किटेक्चर शिकवतात, तिथल्या आणि बाकी कॉलेजच्या मुलांकडून शेडची मोजमापं घेऊन नकाशे काढून घ्या, त्यांना अभ्यासाला लागतंच आणि रेल्वेला फुकट रेकॉर्ड मिळतं. आयटीआयच्या फिटर ट्रेडच्या पोरांना आणा, त्यांना व्हाईट मेटलचं बेअरिंग हातात धरून पाहू द्या. शेडमधलं सामान भंगारात लिलावाला लावायच्या आधी कोणती मशीन, कोणती पाटी, कोणतं रजिस्टर म्युझियमला जाणार ते ठरवून वेगळं काढा. रजिस्टर तर विशेष, हजेरीची, बॉयलर धुण्याची, अपघाताची, कारण लोखंड किलोवर मोजून तरी जातं, कागदाला वाळवी लागते आणि त्याला कोणी भाव पण देत नाही. आणि गाईड म्हणून रिटायर्ड लोकांना बोलवा, मानधन देऊन, फुकट राबवून नाही. ज्यांनी तिथं जन्म घालवला त्यांना त्याच गेटवर तुम्ही कोण म्हणून अडवलं जातं, हे मी काकाजींसोबत उभं राहून पाहिलं आहे आणि मला ते फार लागलं.

जे पोट्टे हे वाचत असतील त्यांना एकच सांगणं, भिंत चढू नका, अर्ज करा. एका अर्जाला उत्तर येत नाही, कॉलेजच्या लेटरहेडवर, प्रोफेसरच्या सहीनं गेलेल्या अर्जाला येतं, आणि दहा कॉलेजांतून दहा अर्ज गेले तर डीआरएम म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाच्या ऑफिसला एक दिवस ठरवणं सोपं पडेल, प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा. तुमचा कॅमेरा कामाचा आहे, तो नीट कामाला लावा, प्रत्येक खांबाचा, प्रत्येक पाटीचा, प्रत्येक पिटचा फोटो तारीख टाकून ठेवा, सुंदर दिसतो तेवढाच नको.

आणि एका गोष्टीला तर कोणाच्या सहीची वाट पाहायची गरज नाही. १९७४ च्या संपात जो विशीचा खलाशी होता तो आज सत्तरीच्या पुढं गेला. नॅरोगेजवर शेवटपर्यंत काम केलेले लोक तुलनेनं तरुण आहेत, पण त्यांना शिकवणारे मिस्त्री कमी होत चालले. इंदोऱ्यात, जरीपटक्यात, अजनीत, इतवारीत, तुमच्या गल्लीत असा एखादा काकाजी असेलच. त्यांच्या घरी जा, शेडचा कागदावर नकाशा काढायला सांगा, कुठं काय होतं ते एकेक विचारा आणि मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. गेट उघडेल तेव्हा तोच कागद घेऊन त्यांना आत नेता येईल.